चिनी स्त्रियांच्या जुन्या वस्त्रांवरील चिन्हे : त्या इच्छा नेमक्या कोणाच्या?

कापडचोपड
छिंग राजवटीतील (१६४४ ते १९१२) चिनी स्त्रियांच्या वस्त्रांविषयी सहज मिळणारा मजकूर बहुधा शब्दकोशाच्या थाटाचा असतो. वटवाघूळ म्हणजे सौभाग्य, डाळिंब म्हणजे पुष्कळ मुलगे, पिओनीचे फूल म्हणजे वैभव, मँडरिन बदकांची जोडी म्हणजे दांपत्यसुख, अशी यादी दिली जाते आणि लेख संपतो. ते वस्त्र अंगावर घालणारी बाई त्या यादीत कोठेच नसते.

माझा प्रश्न असा आहे, की ही चिन्हे ज्या इच्छा सांगतात त्या कोणाच्या होत्या? घालणारीच्या, तिच्या सासरच्या, भरतकाम करणारीच्या, की माल विकणाऱ्याच्या? मला तर मुलगे, नवऱ्याची बढती आणि वडीलधाऱ्यांचे दीर्घायुष्य यांपलीकडे त्यांत फारसे काही आढळत नाही. असे वस्त्र म्हणजे सुनेच्या अंगावर चढवलेली सासरची मागणीपत्रिका होती, असे माझे मत झाले आहे. जाणकारांनी ते खोडून काढावे किंवा पुष्टी द्यावी. चर्चा वस्त्रांपुरतीच ठेवावी ही विनंती, कारण मागच्या धाग्यावर दुसऱ्याच पानावर सीमाप्रश्न येऊन बसला होता.

पेठेतला_पाहुणा
वटवाघूळ सौभाग्याचे? आमच्या आजीच्या वेळी ते माजघरात शिरले असते तर गुरुजींना बोलावणे गेले असते.

सुईदोरा
पाहुणे, वटवाघळाला तो मान केवळ उच्चारामुळे मिळाला आहे. चिनी भाषेत वटवाघूळ आणि सौभाग्य या दोहोंचा उच्चार ‘फू’ असाच होतो. पाच वटवाघळे एकत्र काढली की दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची ओढ आणि आयुष्य पुरे झाल्यावर येणारे नैसर्गिक मरण ही पाच सुखे सूचित होतात. लाल वटवाघूळ काढले तर लाल आणि विपुल हे शब्दही सारखेच उच्चारले जात असल्यामुळे सौभाग्य दुणावते. मासा म्हणजे शिल्लक, फुलदाणी म्हणजे शांतता, हरीण म्हणजे सरकारी वेतन, हे सारे त्याच जातीचे श्लेष आहेत.

कापडचोपड यांचे मत मला अर्धे पटते. मात्र ‘चिनी स्त्री’ म्हणताना निदान दोन प्रकारच्या स्त्रिया वेगळ्या कराव्या लागतात. राज्यकर्त्या मांचू समाजातील स्त्री घोट्यापर्यंत पोहोचणारा एकसंध झगा घालीत असे, प्रत्येक कानात तीन कर्णभूषणे घालीत असे आणि पावले बांधत नसे. बहुसंख्य चिनी समाजातील, म्हणजे हान, स्त्री मात्र रुंद बाह्यांचा सैल अंगरखा आणि त्याखाली मामिएन नावाचा घागरा घालीत असे, आणि तिची पावले लहानपणीच बांधलेली असत. नव्या राजवटीने हान पुरुषांवर मांचू पोशाख आणि शेंडीची वेणी सक्तीने लादली, परंतु स्त्रियांच्या वेशाला हात लावला नाही. परिणामी छिंगपूर्वीच्या, जिंकल्या गेलेल्या मिंग राजवटीच्या काळाचा पेहराव पुढे जवळजवळ अडीचशे वर्षे बायकांच्याच अंगावर टिकून राहिला. एकही चिन्ह भरलेले नसतानासुद्धा त्या घागऱ्याला हा एक अर्थ होता, आणि तो सासरने मागितलेला नव्हता.

तर्ककर्कश
मामिएन म्हणजे नेमके काय, हे कोणी नीट सांगेल काय? छायाचित्रांत मला तो साधा चुणीदार घागरा दिसतो.

सुईदोरा
तो शिवून बंद केलेला नसतो. एकाच कमरपट्ट्याला कापडाचे दोन स्वतंत्र भाग जोडलेले असतात. प्रत्येक भागाच्या दोन्ही टोकांना सपाट पट्टा आणि मधे चुण्या असतात. कमरेभोवती गुंडाळल्यावर सपाट पट्टे पुढे आणि मागे एकमेकांवर येतात आणि चुण्या दोन्ही बाजूंना राहतात. भरतकाम मुख्यतः या सपाट पट्ट्यांवर असते, आणि तेही खालच्या भागात, कारण वरचा भाग गुडघ्यापर्यंत येणाऱ्या अंगरख्याखाली झाकला जातो. कमरपट्टा पुष्कळदा पांढऱ्या सुती कापडाचा असतो. रेशमी पट्टा घसरतो, सुती पट्टा जागेवर बसतो, हे त्याचे व्यवहारी कारण आहे. नवराबायकोचे केस एकमेकांच्या सहवासात पांढरे व्हावेत, असा शुभार्थही त्याला लावला जातो.

दूरदेशी
लंडनमधील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशी वस्त्रे पाहता येतात, आणि तेथे एक गोष्ट डोळ्यांत भरते. हान अंगरख्याच्या बाह्यांना जे भरतकामाचे रुंद पट्टे लावलेले असतात, त्यांवरची दाट नक्षी बाहीच्या मागच्या अंगाला असते आणि पुढचे अंग बरेचसे मोकळे सोडलेले असते. हात पुढे दुमडून उभे राहिले की बाहीची मागची बाजू समोर येते, म्हणून ही योजना. स्वतःच्या डोळ्यांना जे दिसेल त्यापेक्षा समोरच्याला काय दिसेल, याचा विचार करूनच ती नक्षी बेतलेली आहे. कापडचोपड यांच्या प्रश्नात आणखी एका व्यक्तीची भर घालावी असे मला वाटते, ती म्हणजे पाहणारा.

अधिकाऱ्यांच्या छातीवरील चौकोनी पदचिन्हांचेही तसेच आहे. मिंग काळात १३९१ मध्ये त्यांचे नियम ठरले आणि छिंग काळात ती पुढे चालू राहिली. मुलकी अधिकाऱ्याला पक्षी आणि लष्करी अधिकाऱ्याला पशू असे. पहिल्या श्रेणीच्या मुलकी अधिकाऱ्याला क्रौंच, दुसऱ्या श्रेणीला सोनेरी फेझंट, तिसऱ्या श्रेणीला मोर. पत्नी नवऱ्याच्याच श्रेणीचा पक्षी लावीत असे, मात्र तिच्या चौकटीतील पक्ष्याचे तोंड उलट दिशेला असे, जेणेकरून दोघे शेजारी बसले की पक्षी एकमेकांकडे पाहतील. येथे मात्र बाईचे वस्त्र हे नवऱ्याच्या पदाचा दुसरा अर्धा भागच ठरते, त्यामुळे मूळ मताला पुष्टी मिळते.

तर्ककर्कश
पदचिन्हे हा सरकारी मामला आहे. छियेनलोंग सम्राटाने १७५९ मध्ये दरबारी वस्त्रे आणि विधिसाहित्य यांची सचित्र नियमावली तयार करवून घेतली, आणि कोणी किती नख्यांचा ड्रॅगन आणि कोणता पिवळा रंग वापरावा, हे सारे तीत बांधून टाकले. त्यावरून घरगुती अंगरख्याविषयी अनुमान काढणे म्हणजे पोलिसाच्या गणवेशावरून मराठी माणसाची आवड ठरवण्यासारखे आहे.

घरगुती वस्त्रांच्या बाबतीत आपण बाजार विसरत आहात. एकोणिसाव्या शतकात बाह्यांचे पट्टे, काठ, गळ्याभोवतीचे मेघाकार कंठे तयार भरलेले विकत मिळत असत. नक्षीचे छापील नमुने फिरत असत आणि सूचौसारख्या शहरांत घरोघरी मजुरीवर भरतकाम चाले. त्या शतकाच्या उत्तरार्धात तर काठावर काठ लावण्याची अशी चढाओढ लागली, की मूळ कापड काठांच्या मधून डोकावू लागले. फुलपाखराचा पट्टा निवडणाऱ्या बाईने त्याचा श्लेष मनात आणला होता, की निळ्या अंगरख्यावर तो शोभतो एवढेच पाहिले होते? निळ्याच्याच वेगवेगळ्या छटांत भरलेले काम त्या काळी फार चालत होते, आणि तेथे रंगाला अर्थ नव्हता, चलती होती.

सुईदोरा
बाजार होता हे खरे, पण बाजारात जे खपते त्यालाच अर्थ उरलेला असतो. शिवाय जोडीदार बदलला की चिन्हाचा अर्थ बदलतो, ही गोष्ट विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक होती. मांजर आणि फुलपाखरू एकत्र असतील तर त्यांचे उच्चार सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या वयाच्या शब्दांशी जुळतात, म्हणून ती नक्षी वडीलधाऱ्या स्त्रीच्या वाढदिवसाला योग्य. तेच फुलपाखरू वेलीवरच्या भोपळ्याशेजारी बसले की वंशवेल वाढत राहो असा अर्थ होतो आणि ते नव्या सुनेच्या वाट्याला येते. साठीच्या सासूला भोपळ्याच्या वेलीचा अंगरखा कोणी भेट दिला असता, तर काय झाले असते?

पेठेतला_पाहुणा
सासऱ्यांची छाती दडपली असती.

तुंगभद्रा
हसून झाले असेल तर थोडे मागे जाऊ या, कारण ही श्लेषांची पद्धत दोन हजार वर्षे जशीच्या तशी चालत आली असे येथे गृहीत धरले जात आहे. तिचा खरा बहर मिंग आणि छिंग काळातला आहे.

हूनान प्रांतात छांगशाजवळ मावांगतुई येथे १९७२ मध्ये शिन चुई या सरदारपत्नीचे थडगे उघडण्यात आले. ते इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले आहे. त्यातला विरविरीत रेशमाचा एक झगा १२८ सेंटिमीटर लांब असून त्याचे वजन अवघे ४९ ग्रॅम भरते. त्याच थडग्यातील भरतकामाच्या कापडांची नावे सोबत पुरलेल्या बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेली सापडली, आणि त्यांत ‘दीर्घायुष्य’ व ‘मेघारोहण’ या अर्थाची नावे आहेत. मात्र कापडावर पाहिले तर वळणावळणाचे ढग, वेलांट्या आणि मधूनच एखादा पक्ष्याचा डोळा एवढेच दिसते. दीर्घायुष्य तेथे आकृतीच्या गतीत आहे, पीच फळ किंवा क्रौंच काढून ते सांगितलेले नाही.

सुंग काळातले (दहावे ते तेरावे शतक) उदाहरण आणखी वेगळे आहे. फूच्येन प्रांतात फूचौ येथे १९७५ मध्ये हुआंग शेंग या सतराव्या वर्षी मरण पावलेल्या आणि १२४३ मध्ये पुरलेल्या विवाहितेचे थडगे सापडले. तिच्याबरोबर शेकडो रेशमी वस्त्रे आणि कापडे होती. त्यांची मोहिनी अत्यंत तलम विणीत आणि अंगरख्याच्या कडेने धावणाऱ्या फुलांच्या अरुंद काठांत आहे. चारही ऋतूंची फुले एकत्र आणून ‘वर्षभराचे दृश्य’ साधण्याची आवड त्याच काळातली. तिच्या काठांवरून सासरची मागणी वाचायला गेले तर हाती फारसे काही लागणार नाही.

शिवडीकर
मुंबईशी या विषयाचा थेट धागा आहे, तो कोणीतरी जोडायला हवा म्हणून लिहितो. एकोणिसाव्या शतकात कापूस आणि अफू घेऊन कॅन्टनला, म्हणजे आजच्या ग्वांगचौला, जाणारे पारशी व्यापारी परत येताना भरलेले रेशीम आणीत, आणि त्यातूनच पारशी स्त्रियांचा गारा, म्हणजे भरतकामाची साडी, घडला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनीही तरुणपणी त्याच व्यापारासाठी चीनच्या फेऱ्या केल्या होत्या. गाऱ्यावर क्रौंच, पॅगोडा, पूल, पिओनी आणि अमरत्वाची म्हणून प्रसिद्ध असलेली लिंगची ही अळंबी आढळते. पारशी घरांत मात्र या नक्षींना स्वतःची नावे पडली. चिनी स्त्रीपुरुषांच्या आकृतींना ‘चीना-चीनी’, मोठ्या-लहान ठिपक्यांना ‘कांदा-पापेटा’, म्हणजे कांदा-बटाटा. फुलांच्या एका प्रकाराला तर ‘करोळिया’, म्हणजे कोळी, असे नाव मिळाले.

ग्वांगचौच्या कारागिराने जे शुभचिन्ह म्हणून भरले, ते मुंबईत पोहोचेपर्यंत भाजीच्या टोपलीत गेले, आणि तरीही गारा लग्नकार्यात मानाने नेसला जात राहिला. चिन्हाचा मूळ अर्थ पुसला गेला तरी वस्त्राचा मान टिकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. तर्ककर्कश यांच्या बाजूने हे एक मत धरावे.

नीलपंख
गाऱ्यातील ज्या बारीक गाठींच्या टाक्याला ‘खाखो’ म्हणतात, तो चीनमध्ये निषिद्ध होता ना? तो भरताना कारागीर बायकांची दृष्टी जात असे म्हणून सम्राटाने त्यावर बंदी घातली, असे अनेक विक्रेते सांगतात.

सुईदोरा
ही गोष्ट विक्रीला फार उपयोगी आहे, परंतु तशी बंदी चीनमध्ये कधीही नव्हती. हा गाठीचा टाका शतकानुशतके उघडपणे वापरात होता, दरबारी कामातही होता. ‘निषिद्ध टाका’ हे नाव पाश्चात्त्य संग्राहक आणि व्यापाऱ्यांनी रूढ केले. बारीक कामाने डोळे थकतात आणि बिघडतात हे खरे, पण ते सर्वच बारीक भरतकामाला लागू आहे.

दूरदेशी
टाक्यांवरून आठवले, म्हणून जाता जाता सांगतो. दरबारी वस्त्रांतील पुष्कळ नक्षी भरलेली नसून विणलेली असते. त्या विणीला ‘खसी’ म्हणतात. आपल्या पैठणीच्या पदरात शेजारच्या दोन रंगांचे आडवे धागे एकमेकांत अडकवून पुढे जातात, तर खसीत प्रत्येक रंगाचा धागा आपल्या सीमेवरून मागे फिरतो आणि दोन रंगांमध्ये बारीकशी फट राहते. उजेडासमोर धरल्यावर नक्षीची कडा कोरल्यासारखी दिसते ती त्या फटींमुळे.

कापडचोपड
माहिती उत्तम चालली आहे, पण माझा प्रश्न बाजूला पडतो आहे. चिन्हाचा अर्थ काळानुसार, जोडीनुसार आणि बाजारानुसार बदलतो हे मान्य. तरीही ज्या काळात तो अर्थ सर्वांना कळत होता, त्या काळात त्या बाईला त्यात काही वाटा होता की नाही?

तुंगभद्रा
याचे सर्वांत कठोर उत्तर मला तिंगलिंगमध्ये दिसते. मिंग वंशाच्या वानली सम्राटाच्या या थडग्याचे उत्खनन १९५६ ते १९५८ या काळात झाले. तेथे सम्राटाशेजारी दोन सम्राज्ञी आहेत, आणि त्यांपैकी श्याओचिंग हिच्या शवपेटीत ‘शंभर बालकांचा’ अंगरखा सापडला. त्यावर सोनेरी ड्रॅगनांच्या सोबतीने शंभर मुलगे खेळताना भरलेले आहेत. मुलांचे खेळ इतके वेगवेगळे आहेत, की कारागिराला त्यात रस वाटत होता हे लपत नाही.

आता ही बाई कोण होती ते पाहा. ती मुळात सम्राटाच्या आईच्या महालातली दासी. तिच्या पोटी १५८२ मध्ये सम्राटाचा थोरला मुलगा जन्माला आला, पण सम्राटाची मर्जी दुसऱ्याच राणीवर होती, आणि त्या मुलाला युवराज म्हणून जाहीर करायला त्याने १६०१ पर्यंत चालढकल केली. ही बाई उपेक्षेत राहून १६११ मध्ये वारली, आणि तिला दुय्यम राणी म्हणून दुसरीकडेच पुरण्यात आले. पुढे तिचा मुलगा गादीवर आला, महिनाभरातच मरण पावला, आणि नातू सम्राट झाल्यावर तिला मरणोत्तर सम्राज्ञीपद देऊन तिंगलिंगमध्ये हलवण्यात आले. शंभर मुलांची इच्छा कोणाची, हा प्रश्न येथे गळून पडतो. तिने वारस दिला होता, आणि त्याबद्दल जिवंतपणी तिला फारसे काही मिळाले नव्हते. तो अंगरखा तिच्याजवळ हयातीतला होता की सन्मानाच्या वेळी ठेवला गेला, यावर त्याचा अर्थ पूर्णपणे उलटतो. पहिल्या पक्षी तो मागणी आहे, दुसऱ्या पक्षी पोच.

नीलपंख
ही माहिती वाचून ‘मागणीपत्रिका’ हा शब्द फारच सौम्य वाटू लागला आहे.

सुईदोरा
तुंगभद्राताई, उदाहरण विलक्षण आहे, परंतु राजवाड्यातल्या बाईवरून साऱ्यांचा न्याय करू नये. मी दुसऱ्या टोकाचे उदाहरण देते. एकोणिसाव्या शतकातील हान अंगरख्यांच्या बाह्यांवर आणि मेघाकार कंठ्यांवर फुलांबरोबर नाटकांतील प्रसंगही भरलेले असतात. ‘शी श्यांग जी’ या युआन काळातील (तेरावे-चौदावे शतक) नाटकाचे प्रसंग त्यांत वारंवार येतात. त्यात कुलीन घरातील मुलगी आईला न जुमानता, दासीच्या मदतीने, आपल्या पसंतीच्या तरुणाला भेटते. कडक घराण्यांत मुलींच्या हाती हे नाटक पडू नये अशी खबरदारी घेतली जात असे. तुटक्या पुलावर छत्रीखाली भेटणारी लोककथेतील श्वेतसर्पिणी, म्हणजे स्त्रीरूप घेतलेली नागीण, आणि तिचा प्रियकर हाही लोकप्रिय प्रसंग. ज्यांची लग्ने मध्यस्थांमार्फत, मुलाचे तोंडही न पाहता ठरत असत, त्यांच्या बाहीवर स्वतः ठरवलेल्या प्रेमाची गोष्ट होती, आणि दूरदेशी यांनी सांगितल्याप्रमाणे हात दुमडून बसल्यावर ती सर्वांना दिसत होती. ही नक्षी सासरने मागितली असेल असे मला वाटत नाही.

तर्ककर्कश
किंवा नाटक लोकप्रिय होते, म्हणून विणकऱ्या-भरतकऱ्यांनी ते उचलले. लोकप्रियता हे पुरेसे कारण आहे.

सुईदोरा
पुरेसे आहे, पण लोकप्रियता कोणामुळे झाली? अंगरखे बायकाच घालत होत्या आणि पट्टे निवडण्यात त्यांचेच मत चालत होते. आपल्या बाजाराच्या मुद्द्याचा शेवट खरे तर येथे होतो. एकदा तयार पट्टे विकत मिळू लागले, की निवड आली, आणि निवड आली की थोडीफार इच्छाही आली. मांचू स्त्रियांना हान पद्धतीच्या रुंद बाह्यांचा मोह पडू लागला तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या जियाछिंग सम्राटाला फर्माने काढून त्यांना दटावावे लागले, आणि तरी तो मोह आवरला नाही. शतकाअखेरीस मांचू झग्यांच्या बाह्याही रुंद झाल्या होत्या, आणि भरलेले पट्टे तेथेही आले होते. सम्राटाचे ऐकले जात नव्हते, तेथे सासूचे दरवेळी ऐकले जात असेल असे का मानावे?

पेठेतला_पाहुणा
सासू घरात असते, सम्राट पेकिंगला.

दूरदेशी
पाहुण्यांचा विनोद सोडला तर आजची स्थितीही या चर्चेत बसते. २०२२ च्या जुलैमध्ये एका नामांकित फ्रेंच फॅशन कंपनीने मामिएनसारखा घागरा विकायला काढल्यावर पॅरिसमध्ये शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांनी तिच्या दुकानासमोर निदर्शने केली, आणि त्यानंतर चीनमध्ये मामिएनची लाट आली. शानतुंग प्रांतातील त्साओ तालुक्यात ते आता यंत्रावर मोठ्या प्रमाणात तयार होतात. तरुण मुली त्यावर साधा सदरा घालून कामावर जातात. पुत्रप्राप्तीची डाळिंबे मला त्यांवर क्वचितच दिसली; ड्रॅगन, क्रौंच आणि लाटांतून वर येणारे पर्वत ही मूळची दरबारी थाटाची नक्षी मात्र जिकडे तिकडे आहे.

कापडचोपड
म्हणजे बायकांनी पदरचे पैसे देऊन निवडायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी सासूचे चिन्ह टाकून सम्राटाचे उचलले. माझ्या मताला एवढी पुष्टी पुरेशी आहे. सुईदोराताईंचे बाहीवरचे नाटक मात्र माझ्या मांडणीत बसत नाही, हेही मान्य करतो. पुढच्या वेळी संग्रहालयात गेल्यावर बाह्यांकडे आधी पाहीन.

तर्ककर्कश
बाह्या पाहण्यापूर्वी त्या अंगरख्याला जोडलेल्या आहेत का, ते पाहावे. १९१२ नंतर जुनी वस्त्रे मोठ्या प्रमाणात विकली गेली आणि परदेशी ग्राहकांसाठी कापली गेली. पदचिन्हांच्या पिशव्या झाल्या, घागऱ्यांच्या सपाट पट्ट्यांच्या उशा झाल्या, बाह्यांचे पट्टे जोडीने चौकटीत बसवून भिंतीवर लागले. असा सुटा पट्टा हाती आला की त्यावरचे नाटक ओळखता येते, पण तो सोळा वर्षांच्या नवरीच्या लाल अंगरख्यावर होता की पन्नाशीच्या बाईच्या गर्द निळ्या अंगरख्यावर, हे सांगता येत नाही. आपण सर्वांनी येथे जो वाद घातला, त्यासाठी नेमकी तीच माहिती लागते.

शिवडीकर
गाऱ्यांचेही हेच होते. जुने रेशीम विरले की काठ उसवून नव्या साडीवर चढवतात, त्यामुळे कॅन्टनचा काठ आणि सुरतेचे कापड एकाच साडीत सापडते. एखाद्याच्या घरी जुना गारा असेल, तर काठ उसवण्यापूर्वी संपूर्ण साडीची उलटसुलट दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत आणि ती कोणाची होती ते मागे लिहून ठेवावे.